संदर्भ लेख : कमी परिचित व्हिस्की आणि आवडीनिवडीचा प्रश्न, गोव्यापासून तैवानपर्यंत चव नेमकी कशाने ठरते?

चरोदा (भिलाई, छत्तीसगड) : व्हिस्की म्हटले की सामान्य वाचकाच्या डोळ्यांसमोर स्कॉटलंड येते. गेल्या सुमारे दोन दशकांत हे चित्र बरेच पालटले आहे. तैवान, टास्मानिया, स्वीडन, दक्षिण आफ्रिका आणि भारत येथील आसवन्यांमधून बाहेर पडणाऱ्या, तुलनेने कमी परिचित व्हिस्कींना आंतरराष्ट्रीय स्पर्धांत मानाची स्थाने मिळू लागली आहेत. तरीही एकाला ‘अप्रतिम’ वाटणारा घोट दुसऱ्याला ‘औषधासारखा’ का लागतो, याचे उत्तर पुरस्कारांच्या यादीत सापडत नाही. धान्य, धूर, लाकूड, हवामान, जिभेची जडणघडण, जुन्या आठवणी, बाटलीवरील किंमत आणि राज्याचा अबकारी कायदा या साऱ्यांचा त्या उत्तरात वाटा आहे.

दुर्ग जिल्ह्यातील चरोदा हे रेल्वेच्या विस्तीर्ण यार्डामुळे आणि भिलाई पोलाद कारखान्याच्या शेजारामुळे वाढलेले गाव. तत्कालीन सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभारलेल्या या कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. त्यानंतर देशाच्या सर्व भागांतून कामगार येथे आले. नागपूर-विदर्भाशी नाते असलेली मराठी कुटुंबेही त्यांत होती. इतक्या प्रांतांच्या पाककृती आणि रुची एकत्र नांदणाऱ्या या परिसरात आवडीनिवडीचा विषय निव्वळ शौकाचा राहत नाही. कोणती चव ‘उच्च’ मानायची आणि कोणती ‘गावठी’ म्हणून बाजूला सारायची, हा प्रश्नही त्याला जोडलेला आहे.

व्हिस्की म्हणजे नेमके काय?

मोड आणून वाळवलेले किंवा साधे धान्य दळून, त्यातील पिष्टाची साखर करून, ती आंबवून, ऊर्ध्वपातनाने मद्यार्क वेगळा काढायचा आणि तो लाकडी पिंपात मुरवायचा, ही व्हिस्कीची सर्वमान्य पद्धत आहे. स्कॉच या नावासाठी २००९ च्या ब्रिटिश नियमांनुसार मद्यार्क स्कॉटलंडमध्ये ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपांत किमान ३ वर्षे मुरलेला असावा लागतो आणि बाटलीत त्याचे प्रमाण किमान ४० टक्के असावे लागते. अमेरिकी बर्बनमध्ये किमान ५१ टक्के मका आणि आतून जाळलेली नवी ओकची पिंपे अनिवार्य आहेत. आयर्लंडच्या ‘पॉट स्टिल’ प्रकारात मोड आणलेला आणि न आणलेला असा दोन्ही प्रकारचा जव वापरतात; एकेकाळी माल्टवर असलेल्या कराचा बोजा टाळण्यासाठी रुजलेली ही रीत पुढे त्या देशाची खास चव ठरली.

भारतातील स्थिती निराळी आहे. खपाच्या दृष्टीने भारत ही जगातील सर्वांत मोठी व्हिस्की बाजारपेठ मानली जाते. मात्र येथे ‘व्हिस्की’ या नावाने विकल्या जाणाऱ्या स्वस्त मद्याचा मोठा भाग उसाच्या मळीपासून किंवा धान्यापासून काढलेल्या तटस्थ मद्यार्कावर आधारलेला असतो आणि त्यात कमी-अधिक माल्ट मिसळलेले असते. मळीपासून केलेल्या मद्याला युरोपीय संघात व्हिस्की म्हणून विकता येत नाही. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाची मद्यविषयक मानके १ एप्रिल २०१९ पासून लागू झाली. त्यांत सिंगल माल्टची स्वतंत्र व्याख्या आहे : केवळ माल्ट केलेला जव, पॉट स्टिलमधील ऊर्ध्वपातन आणि एकच आसवनी. ‘सिंगल’ या शब्दाचा अर्थ एकाच पिंपातील किंवा एकाच वर्षीची व्हिस्की असा नसून एकाच आसवनीतील व्हिस्की असा आहे, हे अनेकांना ठाऊक नसते.

जगदाळे कुटुंब आणि बंगळूरूचे माल्ट

भारतीय सिंगल माल्टच्या इतिहासात जगदाळे हे आडनाव अग्रभागी येते. जे. एन. राधाकृष्ण जगदाळे यांनी १९४८ मध्ये बंगळूरूत अमृत डिस्टिलरीजची स्थापना केली. त्यांचे पुत्र नीलकंठ राव जगदाळे यांच्या कारकिर्दीत कंपनीने आपले माल्ट मिश्रणात न मिसळता स्वतंत्रपणे विकण्याचा निर्णय घेतला. तिसऱ्या पिढीतील रक्षित जगदाळे यांनी इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे शिकत असताना ब्रिटनमधील भारतीय उपाहारगृहांत असे माल्ट विकता येईल काय, याचा अभ्यास केला होता. ऑगस्ट २००४ मध्ये अमृत सिंगल माल्टचे अनावरण थेट ग्लासगो येथे, म्हणजे स्कॉचच्या अंगणातच झाले.

आरंभी प्रतिसाद थंड होता. भारतीय व्हिस्की म्हणजे मळीचे मद्य, हा ग्रह दृढ होता. बाटलीवरील नाव झाकून चव घेतली असता मात्र अनेकांचे मत बदलत असे. भारतीय जव आणि स्कॉटलंडचा धुरावलेला जव यांच्या मिलाफातून साकारलेल्या ‘अमृत फ्यूजन’ला समीक्षक जिम मरे यांनी आपल्या २०१० च्या ‘व्हिस्की बायबल’मध्ये जगात तिसरे स्थान दिले आणि चर्चेची दिशा पालटली. नीलकंठ राव जगदाळे यांचे २०१९ मध्ये निधन झाले.

कुंकळ्ळी, डहाणू, बुटीबोरी

गोव्यात माल्टची परंपरा त्याहून जुनी आहे. फोंडा येथे मॅकडॉवेल कंपनीने सिंगल माल्ट तयार केले होते. आज गोव्याचे नाव ‘पॉल जॉन’मुळे घेतले जाते. दक्षिण गोव्यातील कुंकळ्ळी येथील आसवनीतून येणारे हे सिंगल माल्ट २०१२ मध्ये लंडनमध्ये प्रथम सादर झाले. त्यासाठी सहा ओळींच्या कणसाचा भारतीय जव वापरला जातो. युरोपात प्रचलित असलेल्या दोन ओळींच्या जवाच्या तुलनेत या दाण्यात प्रथिने अधिक आणि पिष्ट कमी असते. त्यामुळे मद्यार्क कमी निघतो, पण पोत दाट येतो असे उत्पादक सांगतात. याच आसवनीच्या ‘ब्रिलियन्स’, ‘एडिटेड’ आणि ‘बोल्ड’ या तीन व्हिस्की अनुक्रमे धूरविरहित, किंचित धुरकट आणि पूर्ण धुरकट आहेत. आपली रुची कोठे बसते, हे तपासण्यासाठी हे त्रिकूट अभ्यासकांना सोयीचे वाटते.

महाराष्ट्रात पालघर जिल्ह्यातील डहाणू येथील साउथ सीज डिस्टिलरीजने अलीकडे ‘क्रेझी कॉक’ हे सिंगल माल्ट बाजारात आणले. हीच आसवनी मोहाच्या फुलांपासून केलेले, बाटलीबंद ‘सिक्स ब्रदर्स’ हे मद्यही तयार करते. नागपूरजवळील बुटीबोरी येथे मोठी माल्ट आसवनी उभारण्यासाठी पेर्नो रिकार इंडियाने २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाशी सामंजस्य करार केला असून दहा वर्षांत सुमारे १,७८५ कोटी रुपयांच्या गुंतवणुकीची घोषणा केली आहे. देशाच्या इतर भागांत उत्तर प्रदेशातील रामपूर, हरियाणातील इंद्री आणि राजस्थानातील गोडावण ही नावे पुढे आली आहेत. इंद्रीच्या २०२३ च्या दिवाळी विशेष आवृत्तीला ‘व्हिस्कीज ऑफ द वर्ल्ड’ स्पर्धेत सर्वोत्कृष्ट ठरवण्यात आले होते.

उष्ण हवेचा हिशेब

पिंपातील मद्य मुरत असताना त्यातील काही भाग लाकडातून हवेत उडून जातो. या घटीला स्कॉटलंडमध्ये ‘देवदूतांचा वाटा’ असे म्हणतात. तेथे ही घट वर्षाला साधारण २ टक्के असते. बंगळूरूत ती १० ते १२ टक्क्यांपर्यंत जाते. साधा हिशेब मांडला तर २०० लिटरच्या पिंपात स्कॉटलंडमध्ये १२ वर्षांनंतर सुमारे १५७ लिटर मद्य उरते; ११ टक्के घट धरल्यास बंगळूरूत पाचच वर्षांनी सुमारे ११२ लिटर उरते. अमृतने २०१३ मध्ये आठ वर्षे मुरवलेली व्हिस्की काढली तेव्हा तिला ‘ग्रीडी एंजल्स’, म्हणजे हावरे देवदूत, असे नाव दिले ते याच कारणाने.

उष्णतेमुळे मद्य लाकडात अधिक वेगाने शिरते आणि बाहेर येते. रंग व लाकडाची चव लवकर उतरते. म्हणून बाटलीवरील वयाचा आकडा उष्ण देशांतील व्हिस्कीच्या बाबतीत दर्जाचे माप ठरू शकत नाही. पाच वर्षांचे भारतीय माल्ट रंगाने आणि लाकडी चवीने बारा वर्षांच्या स्कॉचइतके भरलेले असू शकते. मात्र ते हुबेहूब स्कॉचसारखे लागेलच असे नाही. दीर्घ, संथ मुरण्याने येणारा मवाळपणा काहींना त्यात उणा वाटतो, तर काहींना त्यातील ठसठशीतपणाच भावतो.

जगातील इतर कोपरे

जपानमध्ये मसाताका ताकेत्सुरू यांनी स्कॉटलंडमध्ये शिकून आणलेल्या विद्येच्या बळावर शिंजिरो तोरी यांच्या यामाझाकी आसवनीची उभारणी १९२३ मध्ये सुरू झाली. पुढे १९३४ मध्ये ताकेत्सुरू यांनी होक्काइडो बेटावर योइची येथे स्वतःची आसवनी काढली. जपानी व्हिस्की आता अपरिचित उरलेली नाही, पण तिथल्या मिझुनारा ओकचा चंदन-धुपासारखा गंध आजही अनेकांना नवा वाटतो.

तैवानमध्ये मद्यावरील सरकारी मक्तेदारी संपल्यानंतर यीलान परगण्यात कावालान आसवनी उभी राहिली आणि २००६ मध्ये तिथे पहिला मद्यार्क निघाला. २०१० मध्ये एडिनबर्गजवळील लीथ येथे नावे झाकून झालेल्या परीक्षेत कावालानने स्कॉच व्हिस्कींना मागे टाकले, तर २०१५ मध्ये तिच्या एका व्हिस्कीला जागतिक व्हिस्की पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट सिंगल माल्टचा मान मिळाला. त्याआधीच्या वर्षी हा मान टास्मानियाच्या सलिव्हन्स कोव्हला मिळाला होता. त्या बेटावर दीडशे वर्षांहून अधिक काळ कायदेशीर आसवनी नव्हती. बिल लार्क यांनी १९९२ मध्ये परवाना मिळवून ही कोंडी फोडली.

फ्रान्समधील ब्रिटनी प्रांतात कुट्टूच्या दाण्यापासून ‘एदू’ नावाची व्हिस्की बनते. दक्षिण आफ्रिकेतील ‘बेन्स’ मक्यापासून होते आणि ती गोडसर, हलकी असते. स्वीडनमध्ये जुनिपरच्या लाकडाचा, तर आइसलंडमध्ये मेंढ्यांच्या वाळलेल्या लेंड्यांचा धूर जवाला देतात. शेणाच्या गोवऱ्यांवर भाजलेल्या वांग्याची किंवा हुरड्याची चव जाणणाऱ्या मराठी माणसाला ही कल्पना विचित्र वाटण्याचे कारण नाही. हाताशी जे जळण असते, तेच शेवटी त्या मुलखाच्या चवीत उतरते.

चव भिन्न का लागते?

स्कॉटलंडच्या आयला बेटावर जव वाळवताना पीट, म्हणजे दलदलीतील अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे इंधन, जाळतात. त्या धुरातील फिनॉल गटातील संयुगे दाण्याला चिकटतात. याच गंधाला कोणी खरपूस म्हणतो, तर कोणाला त्यात इस्पितळातील जंतुनाशकाची आठवण होते. दोघांचेही निरीक्षण बरोबर असते. कारण जुन्या जंतुनाशकांत याच गटातील रसायने असत. अमेरिकी ओकमधील लॅक्टोनमुळे खोबऱ्याचा, तर लाकडातील लिग्निनच्या विघटनाने व्हॅनिलाचा गंध येतो. आंबवण्याच्या काळात तयार होणाऱ्या एस्टरांमुळे पिकलेल्या केळ्याची किंवा नासपतीची झाक जाणवते.

कडू चव ओळखणारे जनुकीय संवेदक सर्वांत सारखे नसतात. त्यामुळे मद्यार्काचा कडवटपणा काहींना मुळातच अधिक बोचतो. आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग घशामागून नाकात पोहोचणाऱ्या गंधाचा असतो. सर्दी झाली की जेवण बेचव लागते ते यामुळेच.

पाणी घालावे की नाही, हा वादही जुना आहे. स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकीय प्रतिरूपाच्या आधारे दाखवले की मद्यार्काचे प्रमाण उतरले की धुरकट गंध देणारा ग्वायकॉल हा रेणू द्रवाच्या पृष्ठभागाकडे सरकतो. थोड्या पाण्याने गंध खुलतो, या जुन्या अनुभवाला त्यातून आधार मिळाला. मात्र ज्याला तोच गंध नकोसा आहे त्याच्या दृष्टीने पाणी घालणे तोट्याचे ठरू शकते.

किमतीचा प्रभाव तर अधिकच लक्षणीय आहे. अमेरिकेत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तीच वाइन ९० डॉलरची म्हणून दिली असता लोकांना ती १० डॉलरच्या चिठ्ठीपेक्षा अधिक आवडली, आणि मेंदूच्या प्रतिमांतही सुखसंवेदना वाढलेली दिसली. प्रयोग वाइनवर झाला असला तरी महागड्या व्हिस्कीच्या बाजारालाही हा इशारा लागू पडावा.

वर्णनासाठी आपले शब्द

व्हिस्कीच्या वर्णनात ‘हीदर’, ‘टॉफी’, ‘ख्रिसमस केक’ असे शब्द सर्रास येतात. ज्याने ते पदार्थ चाखलेले नाहीत, त्याला या वर्णनाने काहीच कळत नाही आणि वर आपलीच जीभ कमी पडते असा न्यूनगंड येतो. प्रत्यक्षात मराठीत चवीची शब्दसंपदा विपुल आहे : तुरट, कडसर, आंबूस, खमंग, खरपूस, धुरकट, उग्र, मवाळ, तिखटसर. शेरीच्या पिंपातील व्हिस्कीत मनुका, खजूर, चिंचगुळाची झाक सांगता येते. बर्बनच्या पिंपात काकवी, खोबरे, वेलदोडा. रायच्या व्हिस्कीत सुंठ आणि मिरी. स्वतःच्या स्वयंपाकघरातील शब्दांत नोंद करणाऱ्याला स्वतःची आवड लवकर उमगते.

चरोद्यापर्यंत काय पोहोचते?

आवड कितीही व्यक्तिगत असली तरी निवड मात्र दुकानाच्या फळीवर जे आहे त्यापुरतीच राहते. मद्याचे उत्पादन, वाहतूक व विक्री हे विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत आहेत आणि पिण्याचे मद्य वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर आहे. प्रत्येक राज्यात उत्पादकाला वेगळी नोंदणी, वेगळे शुल्क आणि वेगळी किंमत यांना सामोरे जावे लागते. छत्तीसगडने २०१७ मध्ये किरकोळ विक्री सरकारी महामंडळाच्या हाती घेतली. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार आजही मद्यपानासाठी परवाना आवश्यक असून व्हिस्कीसारख्या तीव्र मद्यासाठी किमान वय २५ वर्षे आहे. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी लागू आहे. अशा व्यवस्थेत लहान आसवनीची मोजकी बाटली महानगरातून निमशहरी भागात पोहोचणे अवघड होते. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात मद्य नेताना दोन्हीकडील नियम पाहणे आवश्यक असते, हेही लक्षात ठेवावे लागते.

परदेशी व्हिस्कीवरील १५० टक्के आयातशुल्क हाही दीर्घकाळ एक अडसर राहिला. २४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षऱ्या झालेल्या भारत-ब्रिटन व्यापार करारात स्कॉचवरील शुल्क प्रथम ७५ टक्के आणि दहाव्या वर्षापर्यंत ४० टक्के करण्याची तरतूद आहे. ग्राहकाच्या दृष्टीने यातून पर्याय वाढतील. देशी माल्ट उत्पादकांपुढे मात्र किमतीची स्पर्धा उभी राहील.

मोहाच्या झाडाखालचा प्रश्न

भिलाईपासून बस्तरकडे किंवा पश्चिमेला गोंदिया-गडचिरोलीकडे निघाले की मोहाची झाडे दिसू लागतात. मार्च-एप्रिलमध्ये गळणारी त्याची गोड फुले आदिवासी कुटुंबांचे अन्न, रोकड आणि धार्मिक विधींचे साधन आहेत. त्या फुलांपासून निघणारे मद्य, बस्तरमधील तांदळाचा लांदा आणि सल्फीच्या झाडाचा रस यांची स्वतःची चव आणि स्वतःची रीत आहे. वसाहतकालीन अबकारी कायद्यांनी, विशेषतः मुंबई इलाख्यातील १८७८ च्या कायद्याने, घरगुती मद्यावर निर्बंध आणले आणि या चवीला ‘गावठी’ हा शिक्का बसला. पुढे छत्तीसगड व मध्य प्रदेशात आदिवासींना घरगुती वापरापुरती मर्यादित सवलत मिळाली, तर मध्य प्रदेशाने अलीकडे मोहाच्या मद्यासाठी ‘हेरिटेज’ असा स्वतंत्र वर्ग केला. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्याचे उदाहरण समोर आहेच.

स्कॉटलंडमध्येही व्हिस्की एकेकाळी डोंगराळ भागातील शेतकऱ्यांची घरगुती, बहुधा चोरटी उत्पादने होती. १८२३ च्या कायद्याने परवाना परवडण्याजोगा केल्यावर तिला प्रतिष्ठेची वाट मिळाली. आइसलंडच्या लेंड्यांच्या धुराचे कौतुक होते आणि मोहाच्या गंधाला नाक मुरडले जाते, यामागे जिभेपेक्षा कायदा, भांडवल आणि प्रतिष्ठा यांचा वाटा मोठा आहे. मोहाच्या मद्याला नव्याने बाजार मिळाला, तर त्याचा लाभ फुले वेचणाऱ्या हातांपर्यंत पोहोचतो की केवळ बाटली भरणाऱ्यांपर्यंत, हा यापुढील कळीचा मुद्दा आहे.

ध्यानात ठेवण्याजोगे

बाटलीवर ‘सिंगल माल्ट’, ‘ब्लेंडेड’ की केवळ ‘व्हिस्की’ लिहिले आहे, हे प्रथम पाहावे. देशी व्हिस्कीत मद्यार्काचे प्रमाण बहुधा ४२.८ टक्के असते. हा आकडा जुन्या ७५ प्रूफ या मोजमापातून आला आहे. ४६ टक्के किंवा अधिक प्रमाणाच्या अनेक माल्ट व्हिस्की थंड करून गाळलेल्या नसतात, त्यामुळे पाणी वा बर्फ घातल्यावर त्या किंचित गढूळ दिसतात. तो दोष नव्हे. कोणत्याही परवाना नसलेल्या ठिकाणचे मद्य मिथेनॉलच्या धोक्यामुळे प्राणघातक ठरू शकते.

जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे की आरोग्याच्या दृष्टीने मद्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही. पिंप कोणते, देश कोणता किंवा पुरस्कार किती, याने त्या निष्कर्षात फरक पडत नाही. आवड भिन्न असू शकते, आणि न पिण्याची आवड हीदेखील त्यांपैकीच एक आहे.